फ्रीझरमधला नवस

"अजून आहे?" हागोपने विचारलं. "म्हणजे तुझ्या घरात? आत्ता?"

त्याने हातातलं सँडविच कागदावर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की शर्टावर काही सांडलंय का ते मी आधी तपासलं. काही सांडलं नव्हतं. गुरुवारची दुपार, बहारिनमध्ये मुहर्रकच्या आमच्या कार्गो कंपनीची जेवणाची खोली, बाहेर विमान उतरल्याचा आवाज, आणि मी मोठ्या हौसेने त्याला जूनमधल्या ईदच्या सुट्टीचे आमचे आर्मेनियातले फोटो दाखवत होतो. हागोप बैरूतचा आर्मेनियन. चीज आणि फुलं मागवण्याचा त्याचा धंदा, आणि आमच्या शेजारच्या ऑफिसात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. आर्मेनियनाला आर्मेनिया दाखवायचा म्हणजे वसईकराला केळीची बाग दाखवण्यातला प्रकार, हे मला कळत होतं. पण तो स्वतः त्या डोंगरातल्या गावांत कधी गेला नव्हता, म्हणून मला जोर चढला होता. देवळाचा फोटो झाला, मेंढ्याचा झाला, मोठ्या पातेल्याचा झाला, आणि मी म्हटलं, "यातलं मटण आम्ही बहारिनला आणलं. थोडं अजून फ्रीझरमध्ये आहे." त्याचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती. आता नोव्हेंबर चालू आहे हे मी विसरलो होतो.

"ज्युलियन, हे मताघ आहे," तो म्हणाला. "नवसाचं मटण. हे दुसऱ्या दिवसावर ठेवत नाहीत. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत संपवायचं. दारात येईल त्याला द्यायचं, उरलं तर रस्त्यावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला द्यायचं. माझी आजी म्हणायची, एक तुकडा जरी रात्रभर राहिला तरी नवस पुरा होत नाही." मग त्याला हसू फुटलं. जूनचं मटण, नोव्हेंबर महिना, असं म्हणत तो टेबलावर थापा मारायला लागला. मीही हसलो. हसता हसता मला त्या गावातल्या एका मुलाचे कान आठवले आणि माझं हसू अर्ध्यावर राहिलं. बारीक केस कापल्यामुळे त्याचे कान फार पुढे आलेले दिसत होते. त्याच्यासाठीच तो नवस होता.

दुपारभर माझं कामात लक्ष लागलं नाही. माझं काम वस्तू टिकवायचं आहे. विमानातून उतरलेली औषधं, मासे, फुलं, लशी आमच्या शीतगृहात येतात आणि कोणत्या खोलीत किती थंडी आहे ते मी पडद्यावर बघत बसतो. आकडा जरा वर सरकला की मी फोन उचलतो. इतकी वर्षं मी हेच केलं, चांगलं केलं, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण त्या दुपारी उणे अठराचा आकडा बघितला की मला झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमधला फ्रीझर दिसायचा, त्यातला खालचा कप्पा, सोडे, सुके बोंबील आणि गेल्या नाताळच्या केकचा तुकडा यांच्यामागे चांदीच्या कागदात गुंडाळलेलं ते पुडकं, आणि त्या पुडक्यात अडकून पडलेला कुण्या आजीआजोबांचा नवस. आपण शिकलेसवरलेले, दर रविवारी मिस्सा ऐकणारे, असल्या गोष्टींनी आपण अस्वस्थ होऊ नये, असं मी स्वतःला बजावलं. स्वतःला बजावलेलं मी सहसा ऐकत नाही. तो मुलगा बरा असेल ना, असं मला सारखं वाटत राहिलं.

आम्ही त्या गावात गेलो ते ठरवून नाही. गल्फमध्ये राहणाऱ्यांना आर्मेनियाचा व्हिसा सहज मिळतो, त्यामुळे ईदला इथले निम्मे भारतीय तिकडच्या रोपवेच्या रांगेत एकमेकांना भेटतात. माझी बायको मॅगी त्या रांगेला कंटाळली. नर्स आहे, हॉस्पिटलात रांगाच बघते. ती ड्रायव्हरला म्हणाली, जिथे कोणी जात नाही असं एखादं जुनं देऊळ दाखव. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला अजून देऊळच म्हणतो, आणि तिने हिंदी, इंग्लिश आणि हातवारे यांच्या मदतीने ते त्याला समजावलं. त्याने गाडी त्याच्या मावशीच्या गावाकडे वळवली. त्या गावाचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. मॅगी "आपलं ते गाव" म्हणते. अक्रोडाची झाडं, मधमाश्यांच्या निळ्या पेट्या, रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी आठवणीसाठी बांधलेलं पिण्याच्या पाण्याचं दगडी कारंजं, आणि टेकाडावर लालसर काळ्या दगडाचं एवढंसं देऊळ, वर टोकदार घुमट. देवळाभोवती माणसाच्या उंचीचे दगड उभे होते आणि प्रत्येकावर क्रूस कोरलेला. क्रूसाच्या पायाशी पानं फुटलेली, कडेने जाळीची नक्षी, आणि एका दगडाची नक्षी दुसऱ्यावर नाही. मॅगी एकेका दगडावर हात ठेवत फिरली. "आपल्या गावच्या क्रूसाला हे दाखवायला पाहिजे," ती म्हणाली, "त्याला चुना फासण्यापलीकडे आपण काही केलं नाही." आमच्या गावच्या क्रूसापाशी मे महिन्यात संध्याकाळी लितानीची प्रार्थना व्हायची आणि मग उकडलेले चणे वाटायचे. त्या चण्यांसाठी मी लितानीला जायचो, आणि चणेवाला काका मूठ पसरट करून कमी देतो अशी माझी तक्रार असायची. मेणबत्तीच्या वासात मिसळलेला तो चण्यांचा वास मला परक्या देशात, त्या दगडांमध्ये उभं असताना आला. खरंच आला. ड्रायव्हर सांगत होता की मध्ये कित्येक वर्षं सोव्हिएत सरकारने या देवळात धान्य साठवलं होतं, दाराला कुलूप होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्या बाहेर या दगडांपाशीच मेणबत्त्या लावायच्या. आता धान्य गेलं, देव परत आला, असं तो म्हणाला. मला ते वाक्य आवडलं.

त्या दिवशी देवळाच्या मागे चूल पेटली होती. एका आजोबांचा नातू सैन्यातून सुखरूप घरी आला होता, म्हणून मेंढा. पाद्र्याने मीठ मंत्रून दिलं, ते आधी मेंढ्याला चाटवलं, त्याला देवळाभोवती फिरवून आणलं, आणि मग त्याच मिठात मटण शिजवलं. मीठ आणि पाणी, बास. कांदा नाही, लसूण नाही, मसाल्याचं नावच सोडा. मॅगी माझ्या कानात कुजबुजली, "बिचाऱ्यांकडे मसाला नाही वाटतं. माहीत असतं तर घरून पुडी आणली असती." मग त्या मुलाने, अर्सेन त्याचं नाव, स्वतः पातळ रोटीत मटण गुंडाळून आमच्या हातात दिलं. लाजत होता. सगळं गाव आपल्यामुळे जेवतंय याचा त्याला संकोच वाटत असावा. मॅगीने घास घेतला आणि ती गप्प झाली. मॅगी गप्प होणं ही आमच्या घरात नोंद घेण्याजोगी गोष्ट. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ज्युलियन, मटणाची चव अशी असते, हे मला आत्ता कळलं."

तिथेच आमचं चुकलं. आजोबा वाढतच होते, आणि मॅगीच्या पर्समध्ये रिकामा डबा कायम असतो. तिने तो पुढे केला. आजोबांनी आनंदाने भरला. आजीबाई मात्र हात हलवून काहीतरी सांगायला लागल्या आणि सूर्याकडे बोट दाखवू लागल्या. मॅगीने समजूतदारपणे मान हलवली. "ऊन फार आहे, खराब होईल म्हणतायत," ती मला म्हणाली आणि हॉटेलवर पोचताच तिने डबा फ्रिजमध्ये ठेवायला लावला. वेळांकणीच्या देवळात जाऊन आपण तिथलं तेल न आणता परत येतो का? देवाच्या दारातलं काही मिळालं तर ते घरी आणायचं, शेजारीपाजारी वाटायचं, जो आला नाही त्याचा वाटा बाजूला काढायचा, हे आमच्या रक्तातच आहे. वसईच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. बहारिनला आल्यावर बाकीचं आम्ही संपवलं, आणि जी आली नव्हती तिचा वाटा राहिला. हॅझेल, आमची एकुलती एक, बंगळूरूला पहिल्याच नोकरीत. "नाताळला येईल तेव्हा खाईल," मॅगी म्हणाली आणि पुडक्यावर पट्टी लावून तिने हॅझेलचं नाव लिहिलं.

संध्याकाळी पुलावरून मनामाकडे येताना माझ्या गाडीमागे हागोपची गाडी होती. तो ऐकायलाच तयार नव्हता. "आज संपवायचं," तो म्हणाला होता, "यल्ला, चल. मी येतो. मताघ खाणारा एक तरी आर्मेनियन नको का?" आणि मी हो म्हणून बसलो होतो, मॅगीला न विचारता. मॅगीला न विचारता मी साधा दिवाही बदलत नाही. पाण्यावर ऊन लोळत होतं, हवा छान होती, खिडकी उघडी ठेवावी अशी, आणि माझी पाचावर धारण बसली होती. त्या पुडक्यात तिने काय ठेवलंय ते मला पक्कं माहीत होतं. गेले दोन-तीन रविवार हॅझेल फोनवर नाताळचा विषय टाळत होती, आणि मॅगी मला त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. पण फ्रीझर उघडला की पुढचं सामान बाजूला करून ते पुडकं जागेवर आहे ना ते बघायची. वाटा आहे तोवर मुलगी येणार. तिने हे मोठ्याने म्हटलं नसतं, मीही कधी म्हटलं नसतं. एका बाजूला एका आजीचा नवस, दुसऱ्या बाजूला माझ्या बायकोचा, आणि मध्ये मी, शीतगृहाचा मोठा साहेब. तशी आम्हा गल्फवाल्यांची सगळी भिस्तच 'नंतर'वर असते. वसईत घर बांधलं, त्यातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. चांगले कप आम्ही कपाटात ठेवतो आणि चहा जाहिरातीच्या मगमधून पितो. नंतर राहू, नंतर फिरू, नंतर बागेत खुर्ची टाकून बसू. या सगळ्यात वाईट काहीच नव्हतं. आम्ही मजेत होतो. फक्त ती मजा नेहमी पुढच्या वर्षी सुरू व्हायची. मला पुलापलीकडच्या सिग्नलला उभं असताना अचानक माझ्या मुलीची आठवण इतकी झाली, की हिरवा दिवा लागल्याचं हागोपने हॉर्न मारून सांगितलं.

मॅगी ड्युटीवरून येऊन पाय वर करून बसली होती. मी हागोपची ओळख करून दिली आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे ती आजी ऊन आहे म्हणत नव्हती," ती म्हणाली.

"नाही. मावळायच्या आत खा म्हणत होती."

"आणि मी मान हलवली." तिने कपाळावर हात मारला. मग लगेच तिचा आवाज बदलला. "पण ते हॅझेलचं आहे, ज्युलियन. मी ठेवलंय तिच्यासाठी. ते नाही मिळायचं."

"त्या मुलाचा नवस अडकलाय, मॅगी."

"आणि माझ्या मुलीचं काय?" ती एकदम म्हणाली, आणि मग हागोपकडे बघून तिने नजर खाली वळवली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पाहुणा होता, आणि आमच्यात तशी पद्धत नाही.

हागोपने घसा साफ केला. तो म्हणाला की त्याच्या आजीने हे सगळं जमिनीत पुरायला लावलं असतं आणि आम्हाला दोघांना चार शब्द सुनावले असते. पण त्याला वाटतं, त्या गावातला तो दिवस अजून संपलेला नाही. मॅगीने तो गोठवून ठेवलाय. आजही कोणी येईल त्याच्याबरोबर वाटून खाल्लं, तर तो दिवस पुरा होईल. "देवाने आमच्या बैरूतचा गोंधळ समजून घेतलाय," तो म्हणाला, "तुमचा फ्रीझर पण समजून घेईल." मॅगीला हे बोलणं पटलं की नाही मला सांगता येणार नाही. ती उठली, आत गेली, फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ दुसरा आवाजच आला नाही. मग तिने हाक मारली, "ज्युलियन, सूर्य किती वाजता मावळतो ते बघ. आणि समोर मेधाकडे सांग, जयप्रकाश आला असेल तर दोघांनाही पाठव."

मेधा आणि जयप्रकाश समोरच्या फ्लॅटमधले, पुण्याचे. मेधा शाकाहारी, शिवाय गुरुवार. तिला मी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "अहो, नवसाचं आहे म्हटल्यावर रिकाम्या हाताने कशी येऊ?" ती म्हणाली आणि केळ्यांची फणी घेऊन आली. जयप्रकाश बँकेतून नुकताच आला होता, टायसकट आला. तळमजल्यावर आमच्या मालकांची आई, हलिमा, राहते. तिला सगळा जिना उम्मी म्हणतो. तिच्यापासून मी काही लपवलं नाही; देवळात मंत्रलेल्या मिठाचं आहे हे साफ सांगितलं. तिने विचार केला आणि तिच्या जुन्या मुंबईच्या हिंदीत म्हणाली, "गोश्त तुम लोग खाओ. लेकिन खुब्ज मेरा. मफी मुश्किल." म्हणजे रोटी तिची, बाकी काही अडचण नाही. थोड्याच वेळात कोपऱ्यावरच्या भट्टीतून आणलेल्या गरम रोट्यांची चळत घेऊन ती स्वतः जिना चढून आली, धापा टाकत, आणि सोफ्यावर मधोमध बसली. हागोपने ती रोटी हातात घेऊन वास घेतला. त्याची आजी भट्टीच्या तोंडाशी बसून अशाच रोट्या आतल्या भिंतीला चिकटवायची, असं तो सांगायला लागला आणि सांगता सांगता थांबला. उम्मीने त्याच्या पाठीवर हात फिरवला.

मॅगीने मटण नुसतं पाण्यात गरम केलं होतं. मी बघत होतो. तिचा हात सवयीने मसाल्याच्या डब्याकडे गेला आणि परत आला. मूठभरच होतं. तिने त्याचे धागे धागे केले, क्रूसापाशी चणे पुरवून वाटायचे तसे, आणि आमच्या चौघांच्या रोट्यांत घातले. मेधाने आणि उम्मीने कोरडी रोटी घेतली. हागोपने डोळे मिटून त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. त्यात अर्सेनचं नाव मला ऐकू आलं. जयप्रकाशने टाय खांद्यावर टाकली आणि आपणही काही म्हणावं का याचा त्याला प्रश्न पडला असावा, कारण त्याने हळूच हात जोडले. खिडकीत ऊन अजून होतं. मी घास घेतला. मीठ आणि मटण, आणि मागून धुराची एक अगदी पुसट चव. वर पुसट शिळेपणाही होता, खोटं कशाला बोलू. पण त्या टेकडीवरचं ऊन, ते निळ्या पेट्यांभोवतालचं गुणगुणणं, त्या मुलाचा पुढे केलेला हात, सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळून टाकलं. मला हलकं वाटलं. शिल्लक काही राहिलं नाही. मॅगीने चांदीचा कागदसुद्धा रोटीने पुसून घेतला, आणि पट्टीवरचं हॅझेलचं नाव नखाने खरवडत ती थोडा वेळ उभी राहिली.

मग तीच म्हणाली, "फोन लाव तिला. आपण सांगू. मागाहून कळायला नको."

हॅझेल पडद्यावर आली ती ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, गळ्यात ओळखपत्र. एवढी माणसं एकदम बघून घाबरली. "What happened? Is everyone okay?" मॅगीने तिला सगळं सांगितलं, मेंढ्यापासून उम्मीपर्यंत, मराठीत, आणि हॅझेल मध्ये मध्ये "Oh my God, Mummy" म्हणत राहिली. "So you ate my share?"

"खाल्ला," मॅगी म्हणाली. "शिल्लक नाही."

हॅझेल हसली. मग तिचं हसू ओसरलं आणि ती ओळखपत्राची दोरी बोटाभोवती गुंडाळायला लागली. लहानपणी मार्क कमी पडले की ती अशीच रिबिनीशी खेळायची. "Mummy, listen. I wanted to tell you last Sunday only. मला Christmas ला leave नाही मिळाली. First year people don't get. I tried, I swear."

खोलीतले सगळे एकदम इकडेतिकडे बघायला लागले. मेधा केळ्यांची फणी सरळ करू लागली. मी मॅगीकडे बघितलं. गेले काही आठवडे ती याच वाक्याला भीत होती, आणि आता ते वाक्य आलं होतं. तिने, पदर नव्हता म्हणून, ड्युटीच्या गणवेशाच्या बाहीने ओठ पुसले आणि म्हणाली, "मग आम्ही येतो."

"हां?"

"आम्ही येतो बंगळूरूला. तू सकाळी ऑफिसला जा. संध्याकाळी घरी ये. मी गरम वाढीन."

"But Mummy, my room is so small! There's only one bed."

"आम्ही काय हत्ती आहोत? पप्पा खाली झोपेल."

हॅझेलचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला, मग नुसता कपाळाचा तुकडा दिसायला लागला, आणि तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "Promise?" तिने विचारलं. "नंतर cancel नाही करायचं. Promise करा." उम्मीला कोणीतरी हिंदीत सांगितलं काय चाललंय ते, आणि तिने पडद्याकडे बघून जोरात "इंशाल्ला" म्हटलं. हागोपने टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी ते जयप्रकाशला कळलं नसावं, पण त्यानेही वाजवल्या.

फोन बंद झाल्यावर मॅगी माझ्याकडे वळली. "बघत काय बसलायस? तिकिटं काढ." माझ्या तोंडावर आलं होतं, उद्या बघू, शुक्रवार आहे, निवांत बघू. ते मी गिळलं आणि तिथेच, सगळ्यांच्या मध्ये बसून, फोन उघडला. खिडकीजवळची जागा तिला हवी होती.